थोरलीचा रंग

४ जानेवारी

प्रिय ताई,

फोनवर तू नुसतं “हं, हं” करतेस, म्हणून पत्र. पत्रात तू बोलतेस, वेळ पडली तर भांडतेसही.

आधी बातमी. प्रकाशकाने कादंबरी घेतली. हो, माझीच. जिच्या हातून वाण्याची यादीसुद्धा पुरी लिहून होत नाही असं मावशी, तुझी आई, म्हणायची, तिची. मेअखेर मजकूर पक्का करून द्यायचा, जूनमध्ये छपाई. पण संपादकबाईंनी पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय, “तुमच्या कादंबरीत अकरा माणसं आहेत. त्यांतल्या दोघींनाच कातडी आहे. बाकीच्यांची कुठे गेली?”

दोन दिवस मी बाईंवर रागावले. मग मोजलं. खरंच की. कामवालीला रंग दिलाय आणि नायिकेच्या बहिणीला, थोरलीला, दिलाय, कारण त्या दोघी काळ्या. उरलेल्यांचा सांगितलाच नाही, वाचणाऱ्याला कळेलच असं धरून चालले. कोणता कळेल, हे काही मला बाईंना सांगता येईना. म्हणून सगळ्यांना रंग द्यायला बसले. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. पाचवा शब्द सापडेना. मग मध आला, लोणी आलं, पहारेकऱ्याला मी कॉफी केलं. नवरा खांद्यावरून वाचून म्हणाला, “ही माणसं आहेत की न्याहारी?” मग कॉफी तेवढी ठेवली, बाकी सगळे रंग खोडून टाकले.

तू बावीस वर्षं हेच करतेस. कुणाचा कान जातो, कुणाची बोटं जातात, आणि तू त्या इस्पितळातल्या खोलीत बसून त्यांच्या रंगाला रंग जुळवून नवी करून देतेस. मला सांग, तू रंग कसा बघतेस? हस्तलिखित सोबत आहे. निर्दयपणे वाच.

आणि थोरली म्हणजे तू नाहीस, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी,
चिमणी

१९ जानेवारी

प्रिय चिमणी,

अभिनंदन. हा शब्द पहिल्या ओळीत लिहिला, कारण तिसऱ्या ओळीपर्यंत थांबले असते तर तो राहून गेला असता.

पोस्टमनने पुडकं दिलं तेव्हा मी ते हातात तोलून पाहिलं. जड होतं. माझ्या सव्वीस वर्षांच्या डायऱ्याही जड आहेत, पण त्या कुणी मागितल्या नाहीत. (हे वाक्य खोडणार होते. राहू दे.)

आता काम. आमच्याकडे माणूस आला की त्याला रंगाचं नाव कुणी विचारत नाही. आधी पंधरा मिनिटं नुसतं बसवते. जिना चढून आलेल्याचा कान लाल झालेला असतो. त्या लालीवर बेतून दुसरा कान केला, तर तो माणूस जन्मभर एका बाजूने धापा टाकत राहतो. मग सिलिकॉनमध्ये थेंब थेंब रंग मिसळून नाण्याएवढी चकती करायची आणि त्याच्या अंगावर ठेवायची. आधी खिडकीच्या उजेडात, नंतर ट्यूबलाइटखाली. दोन्हीकडे दिसेनाशी झाली तर जमली. खिडकीत जमलेली चकती ट्यूबखाली पुष्कळदा मेलेली दिसते. मग पहिल्यापासून.

तुझी माणसं माझ्यासमोर येऊन बसणार नाहीत, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत तू लिहिलेल्या शब्दांवरूनच त्यांच्या चकत्या केल्या. कामवालीबद्दल तू लिहिलंस, “काळीसावळी, दात तेवढे पांढरेशुभ्र.” दातांचा मला उपयोग नाही. दात वकिलालाही आहेत, त्याचे तू सांगितले नाहीस. पहारेकरी कॉफीच्या रंगाचा असेल तर दूध किती तेही लिही. राहिले आठ जण: वकील, त्याची बायको, सासू, डॉक्टर, दोन मुलं, शेजारीण आणि तुझी नायिका धाकटी. त्यांच्याबद्दल काहीच नाही. वाचताना ते मला जसे दिसले तसे मिसळले. आठही एकाच वाटीतून निघाले, चांगले उजळ.

यात तुला हसायला मला तोंड नाही, कारण वाटी माझी होती. ज्याचा रंग सांगितला नाही तो गोरा, असं मीही धरलं. मी, माझ्या या हातांनी.

अजून एक. आमच्या कपाटात काळ्या रंगाची बाटली आहे, ती फक्त भुवयांना आणि तिळांना लागते. काळ्या माणसाची कातडी काळा घालून होत नाही, राख होते. तपकिरी, विटकरी, थोडा पिवळा, आणि निळा. निळ्याशिवाय जिवंत होत नाही. तेव्हा कुणाचाही रंग एका शब्दात उरकू नकोस. कुठल्या उजेडात, कुणाच्या शेजारी आणि कोण बघतंय, ते सांग. गोऱ्यांचंही सांग. वकिलाची कॉलरवरची मान भाजते की नाही? डॉक्टरबाई थकल्यावर त्यांच्या डोळ्यांखाली काय रंग येतो?

चकत्यांची डबी वेगळी पाठवली आहे. मागे चिठ्ठ्या लावल्यात.

ताई

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

डबी पोचली. खिडकीच्या कट्ट्यावर सगळी मंडळी ओळीने मांडली. चिठ्ठ्या काढून मी नवऱ्याची परीक्षा घेतली. तो म्हणाला, “डॉक्टरच्या जागी सासू गेली तरी पेशंटला कळणार नाही.” कामवालीला मात्र त्याने बरोबर ओळखलं.

तो बाहेर गेल्यावर मी त्या आठ चकत्या माझ्या मनगटावर ठेवून पाहिल्या. खिडकीत ठेवल्या, ट्यूबखाली ठेवल्या. ताई, आठही दिसेनाशा झाल्या. आधी हसू आलं, नंतर येईना. चार वर्षं मी माणसं रंगवतेय म्हणत होते आणि सगळीकडे आपलंच मनगट चिकटवत होते.

तुझं पत्र पाठ झालंय. वकिलाची मान लिहिली. सासू आता उन्हात जाताना पदर कपाळावर ओढते आणि घरात आली की हात साबणाने घासते, कारण मला एकदम कळलं की तिला स्वतःच्या रंगाची भीती वाटते. हे मला आधी माहीतच नव्हतं. तिचा संबंध स्वभावच त्यातून निघाला. रोज सकाळी लिहिते. इतकं बरं मला कित्येक वर्षांत लिहिता आलं नव्हतं. तुझ्या हाताला सोन्याचं कडं घालायला हवं.

पण डबीत दहाच आहेत. थोरली कुठे? तिच्यावर तर मी सहा ओळी लिहिल्यात, बाकी कुणावर तेवढ्या नाहीत. पोस्टात पडली का?

तुझी,
चिमणी

२० फेब्रुवारी

प्रिय चिमणी,

पोस्टात पडली नाही. थोरलीची चकती झाली नाही.

तीनदा मिसळून पाहिलं. तू लिहिलेल्या ओळींवरून माणूस तयार होत नाही. शब्द छान आहेत, पण शब्दच आहेत. धंद्याच्या अनुभवावरून सांगते, तो परिच्छेद काढावास. बाकी सगळ्यांना आता रंग मिळालाच आहे. थोरलीला एकटीला न देणं हेही एका परीने न्यायाचं होईल. इतकी वर्षं तिच्याकडे रंगामुळेच पाहिलं गेलं, आता जरा उसंत मिळू दे तिला.

सासूचं ऐकून आनंद झाला.

इकडे कामाची गर्दी आहे, म्हणून थोडक्यात.

ताई

८ मार्च

प्रिय ताई,

काढला.

खरं सांगू? आठवडाभर मन धजलं नाही. त्या सहा ओळींना मला दोन वर्षं लागली होती. थोरली तूच होतीस, तुलाही ते कळलं असणार. आई-बाबा नोकरीसाठी दूर होते आणि तुम्ही मला वर्षभर घरी ठेवून घेतलंत, तेव्हा तू सकाळी खिडकीशी अभ्यासाला बसायचीस. मी पांघरुणातून झोपेचं सोंग करून तुझ्याकडे बघत राहायचे. मला वाटायचं, हे मी कधी तरी नीट सांगणार. मला वाटत होतं सांगितलंय.

पण तुझ्या हाताखालून हजार माणसं गेलीत. तू नाही म्हणालीस तर नाही. तुझं ते वाक्य, “शब्द छान आहेत, पण शब्दच आहेत,” मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावलंय. मोह झाला की वाचते.

थोरली आता कादंबरीभर वावरते, बोलते, कामं करते, आणि कशी दिसते ते कुठेच नाही. बाईंनी अजून पाहिलेलं नाही.

तू थोडक्यात लिहिलंस म्हणून मीही थांबते. बरी आहेस ना?

चिमणी

३० एप्रिल

प्रिय चिमणी,

तुझ्या पत्राला सात आठवडे उत्तर दिलं नाही. त्यातले पाच आठवडे मी स्वतःला कामाची सबब सांगितली. उरलेले दोन कसे गेले ते आता लिहिते.

थोरलीची चकती झाली होती. तीनदा मिसळली हे खोटं. एकदाच मिसळली.

तुझ्या ओळी टेबलावर ठेवल्या होत्या. त्या तेव्हाच माझ्या डायरीत उतरवून घेतल्या, कशा बांधल्यात ते बघायला. अशा आहेत:

“थोरलीचा रंग एक नव्हता. खिडकीशी बसली की कपाळावर विटकरी ऊब यायची, ओठांच्या कडेला जांभळी रेघ असायची, आणि बोटांच्या पेरांवर तो इतका गडद व्हायचा की वाटे, घरातली सगळी कामं तिने तिथे साठवून ठेवली आहेत. मानेच्या खळग्यात निळं काही तरी हलायचं. तळवे मात्र फिके. ती हात उलटा करायची तेव्हा वाटे, आता दुसरंच कुणी तरी काही मागणार आहे.”

मी आरशात पाहिलं नाही. वाचत वाचत थेंब टाकत गेले. चकती वाळली, मनगटावर ठेवली. खिडकीत दिसेनाशी झाली. ट्यूबखाली दिसेनाशी झाली. माणूस समोर बसलेला असतानाही मला पहिल्या फटक्यात कधी जमलेलं नाही. निळ्याशिवाय जमत नाही हे मी अजून तुला लिहिलंही नव्हतं, आणि तू तो मानेच्या खळग्यात ठेवून मोकळी झाली होतीस.

ती चकती मी ड्रॉवरमध्ये मागे ढकलली. वाचताना आपल्याला बरं वाटतंय की कुणी तरी आपल्या घरात शिरलंय, हे मला ठरवता येत नव्हतं. मग तुझं पत्र आलं, थोरली कुठे म्हणून. तेव्हा ठरलं.

मला हेवा वाटला. हा शब्द डायरीत लिहायला मला अकरा दिवस लागले. त्याआधी मी “अस्वस्थता” लिहीत होते.

तुझ्या गोरेपणाचा हेवा जुना आहे, तो आता जुन्या गुडघ्यासारखा, थंडीत तेवढा दुखतो. तो फोटो आठवतो का, आपण दोघी सारख्या फ्रॉकमध्ये? तुझ्या आईने मला पावडर लावली होती. प्रेमाने लावली, मला माहीत आहे. फोटोत माझा चेहरा एकीचा आणि मान दुसरीची आहे. मामा तुला “गोरा गोमटा, कपाळ करंटा” म्हणून चिडवायचा, तेव्हा मी सगळ्यांत मोठ्याने हसायचे. घरातला तो एकच विनोद माझ्या बाजूचा होता.

पण लिहिणं माझं होतं. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण वाटणी झाली आहे असं मी धरून चालले होते: तू दिसायचं, मी लिहायचं. कॉलेजात निबंधाचं बक्षीस मला मिळालं, तू टाळ्या वाजवल्यास. मासिकाकडून माझी गोष्ट परत आली, ते मी तुला कधी सांगितलं नाही. आणि चाळिशी उलटल्यावर तू माझ्या वाट्यातलंही उचललंस, ते माझंच मनगट हातात धरून. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. तुझं मीठ बरोबर होतं. ते अळणी आहे असं मी शपथेवर सांगितलं, वर न्यायाच्या गोष्टी केल्या. मला सगळ्यांत लाज वाटते ती त्या न्यायाच्या वाक्याची. ते इतकं सुबक जमलं होतं की लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं.

गेल्या आठवड्यात एक बाई आली. कागद कापायच्या यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. माझ्याच रंगाची. मी चकती तिच्या हातावर ठेवली तर म्हणाली, “नवीनच करताय, तर जरा उजळ करा की.”

मी नेहमीचं ऐकवलं. “मग पाच बोटांत दोन पाहुणे दिसतील.”

“दिसू देत. घरात निदान कुणी तरी उजळ येईल.”

दोघी हसलो. मी बोटं तिच्या रंगाची केली. तिने ती चढवली, हात टेबलावर पसरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “म्हणजे माझीच आहेत.” नाराजीने म्हणाली की समाधानाने, मला कळलं नाही. तिला विचारून कळलं असतं असंही नाही. पण तिला खरं तेच देणारी मी, आणि तू मला खरं दिलंस तर मी तुला ते काढायला लावलं. त्या दिवसापासून हे पत्र लिहीत होते.

परिच्छेद परत घाल. वेळ गेलेली नसेल तर.

ताई

६ मे

ताई,

पत्र दोनदा वाचलं. नवऱ्यानेही वाचलं. तो म्हणाला, “एवढं कबूल करायला छाती लागते.” मी म्हटलं, तूच ठेव तिला मग बहीण.

भिंतीवरचा कागद काढला. दोन महिने मी तुझ्या त्या वाक्याने माझी पानं तपासत होते, ताई. त्या मापाने आणखी किती चांगल्या ओळी कापल्या कुणास ठाऊक.

परत घाल म्हणतेस. घालणं सोपं आहे, वहीत आहे. पण तुझ्या “वाईट”वर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. आता तुझ्या “चांगल्या”चं काय करू? अपराध वाटतोय म्हणून चांगलं आहे? माझी समजूत काढायला चांगलं आहे? मी स्वतः वाचायला घेते तर मला दोन्ही आवाज ऐकू येतात आणि ओळी दिसत नाहीत. हे तू केलंस. चकती लपवलीस त्याचं एवढं नाही, पण माझीच ओळ मला वाचता येईना, हे.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, थोरलीच्या जागी भोक पडल्यासारखं त्यांनाही वाटत होतं. २५ मेपर्यंत थांबतील. त्यानंतर जे असेल ते छापलं जाईल, भोकासकट.

तेव्हा तो तुकडा तू लिही. सहा ओळी. आरसा घे आणि स्वतःला लिही. लिहिणं तुझं होतं म्हणतेस ना? तुझं चांगलं निघालं तर तुझं छापेन, माझं जाईल. पुस्तकावर नाव माझंच असेल, आभारांतही तू नसशील. हा दुष्टपणा आहे, मला माहीत आहे.

चिमणी

१९ मे

प्रिय चिमणी,

दुष्टपणा होता. मला आवडला. तू कधी माझ्याशी इतकी बरोबरीने भांडली नव्हतीस.

मी लिहिलं. रोज जेवणाच्या सुट्टीत, खिडकीच्या गजाला आरसा टेकवून. चौदा मसुदे झाले. बाहेरून कुणी आलं की मी भुवयांचं काम करत असल्याचं दाखवत होते.

पहिला फार छान होता. खोटं नाही बोलत, तुझ्याहून सरस वाटला. त्या दिवशी घरी जाताना मी पायरी चुकले, इतकी खूश होते. दुसऱ्या दिवशी त्याची चकती केली, फक्त त्यातल्या शब्दांवरून, तुझ्या माणसांची केली होती तशी. मनगटावर ठेवली. उजळ. फार नाही, पांढऱ्याचा एक थेंब जास्त. दुसरा लिहिला, उजळ. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे उजळ. मला कळतसुद्धा नव्हतं की तो थेंब मी कुठल्या शब्दात टाकते. एकदा तो “तेज” या शब्दात सापडला, एकदा “संध्याकाळ”मध्ये. शोधून काढला की दुसरीकडे जाऊन बसायचा. नवव्या मसुद्यात मी चिडून स्वतःला इतकी काळी केली की काळ्या रंगाची बाटली उघडावी लागली. ती चकती राखेची झाली. तीही मी नव्हते. नंतरचे पाच या दोन्हींच्या मध्ये हेलपाटत राहिले.

मी रोज दुसऱ्याच्या कातडीचा थेंबही चुकू देत नाही. स्वतःचा चौदा वेळा चुकला. आरशात बघताना मला काही तरी हवं असतं, हे त्याचं कारण असावं. तू पांघरुणातून बघायचीस तेव्हा तुला माझ्याकडून काही नको होतं. नुसती बघायचीस.

तुझ्या ओळींची चकती मी काल पुन्हा केली, जुनी न बघता. पुन्हा दिसेनाशी झाली.

तेव्हा तुझं चांगलं आहे. अपराध वाटतोय म्हणून म्हणत नाही. चौदा वेळा हरून म्हणते, आणि हरणं मला गोड लागलेलं नाही, हे माझ्या अक्षरावरून तुला दिसत असेल. तुझंच घाल. शब्द बदलू नकोस. “पेरांवर” तर मुळीच नको.

माझे मसुदे पाठवत नाही. ते माझ्या डायरीत राहतील.

पुस्तक आलं की भेट म्हणून पाठवू नकोस. मी दुकानात जाऊन घेईन. आत मी आहे असं दुकानदाराला सांगणार नाही. निदान आज तरी तसं ठरवलं आहे.

ताई

२४ मे

प्रिय ताई,

“प्रिय” परत घातलंय, फार हुरळून जाऊ नकोस. राग आहे, तो आपल्या गतीने जाईल.

पान काल बाईंकडे पोचवलं. माझंच, जसंच्या तसं. तुझं पत्र वाचून वही उघडली आणि बऱ्याच दिवसांनी मला फक्त ओळी दिसल्या. बाईंनी तिथेच उभ्याने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “हिला कुठे लपवून ठेवलं होतंत?” मी म्हटलं, ती गावाला गेली होती.

म्हणजे आता मी निवांत असायला हवं. तर नाही. कालपासून घरात एक काम धड केलेलं नाही. नवरा विचारतोय काय झालं, त्याला काय सांगू?

ताई, तुझा तो पहिला मसुदा. उजळ असू दे, खोटा असू दे. माझ्याहून सरस वाटला असं तू लिहिलंस, आणि पुढे गेलीस.

किती सरस?

चिमणी